खाडीकाठचा स्वस्त गाळा, तिवराचे जंगल आणि आपले भांडवल



धंद्यात जागेचा प्रश्न नवा नाही. गल्लीतला कारखाना अपुरा पडतो, भाडे वाढते, माल ठेवायला जागा उरत नाही. अशा वेळी एखादा दलाल येतो व सांगतो, "खाडीच्या बाजूला जागा आहे, निम्म्या किमतीत देतो." गोवंडी, मानखुर्द, कुर्ला, मुंब्रा, भिवंडी या भागांत धंदा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य ऐकले असेल. ही जागा स्वस्त का असते, तिच्या शेजारची हिरवी झाडी म्हणजे काय, आणि तिला हात लावल्यास काय होते, याचा अभ्यास आपण या लेखात करणार आहोत. उदाहरण म्हणून ठाण्याची खाडी घेऊ, कारण तिवराचे जंगल, मिठागरे आणि आपले कारखाने तेथे एकमेकांना खेटून उभे आहेत.

या विषयाची किंमत आम्ही स्वतः मोजलेली आहे, म्हणून ती हकीगत आधी सांगतो.

आमचा अनुभव

आम्ही तिघे भागीदार पत्र्याच्या पेट्या बनवीत होतो. २००३ साली एका दलालामार्फत खाडीकाठी बाराशे चौरस फुटांची शेड घेतली. किंमत चार लाख ऐंशी हजार रुपये. एका भागीदाराने घरातले दागिने मोडले, दुसऱ्याने गावची जमीन गहाण टाकली. व्यवहार शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून झाला. सातबारा मागितला तेव्हा उत्तर मिळाले, "खाजणाची जागा आहे, सगळे लवकरच नियमित होणार." शेजारी आणखी वीस-पंचवीस शेड उभ्या होत्या. एवढे लोक काही वेडे नाहीत, असे आम्ही मनाला समजावले.

पहिल्याच पावसाळ्यात जमीन खचली. प्रेस मशीन एका बाजूला कलले. त्यामुळे पत्र्याचा कट वाकडा येऊ लागला आणि माल परत येऊ लागला. उधाणाच्या भरतीला पाणी दारातून नव्हे, तर फरशीच्या फटींतून वर येई. गोदामातला कोरा पत्रा दोन महिन्यांत तांबारला. २००६ साली सरकारी कारवाई झाली आणि सगळी रांग पाडली गेली. आम्ही विजेचे बिल व कराची पावती दाखवली. अधिकारी शांतपणे म्हणाले, "यावरून तुम्ही वीज वापरली हे कळते. जागा तुमची आहे हे कळत नाही." शेड विकणाऱ्याचा तोवर पत्ता नव्हता. तक्रार केली, पण हातात नोंदणीकृत कागद नसल्याने ती उभी राहिली नाही.

चूक आमचीच होती. आम्ही जागेचा भाव पाहिला, जागा पाहिली नाही.

खाडी, तिवर आणि मीठ: निसर्गाचा हिशेब

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. दक्षिणेला ती मुंबई बंदरात उघडते आणि उत्तरेला अरुंद पात्राने उल्हास नदीशी जोडलेली आहे. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी तिच्यात शिरते व ओहोटीला परत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत उंच चढते, तिला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास ती कमी असते, तिला कोळी लोक भांग म्हणतात. काठावरच्या जमिनीचा सारा स्वभाव या चढउतारावर अवलंबून आहे.

जिथे पाणी रोज येते-जाते, तिथे गाळ साचतो व त्यावर कांदळवन उगवते. कांदळवनात अनेक जातींची झाडे असतात. ठाण्याच्या खाडीत तिवराचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. कांदळ, चिप्पी, काजळा या इतर जाती कोकण किनाऱ्यावर आढळतात. यांपैकी पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

ही झाडे खाऱ्या पाण्यात जगतात कशी? चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर डोकावतात आणि श्वास घेतात. पाण्याबरोबर आलेले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. तिवराचे पान उन्हात पाहिल्यास त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. कांदळाचे झाड बरेचसे मीठ मुळाशीच अडवते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते व लांब शेंगेसारखे होऊन चिखलात पडते.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. तिवराच्या मुळांचे जाळे पाण्याचा जोर कमी करते आणि गाळ धरून ठेवते, म्हणजे काठ ढासळत नाही. कोळंबी, खेकडे व अनेक मासे यांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाला वाढतात. मासळीबाजारात जो माल येतो, त्यातला बराचसा लहानपणी या चिखलात राहून आलेला असतो. याचा अर्थ असा की तिवराचे जंगल हे कोळ्याचे गोदाम आहे व शहराचा बांध आहे. गोदाम तोडले की माल संपतो, बांध तोडला की पाणी दुकानात येते.

२६ जुलै २००५ हा दिवस आपण विसरलेलो नाही. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना व मिठी नदीकाठच्या वस्त्यांत कारखाने, भंगाराची दुकाने, बेकऱ्या बुडाल्या. एवढा पाऊस कुठेही नुकसान करणारच. परंतु मिठीचे पात्र आक्रसलेले होते, तिच्या मुखाकडील दलदलीत व कांदळवनात अनेक दशके भराव पडत गेला होता आणि वर समुद्राला भरती होती. पाण्याला जायला वाट नव्हती आणि थांबायला जागा नव्हती. त्या दिवशी ज्यांचा माल गेला, त्यांतील बहुतेकांनी एकही तिवर तोडलेले नव्हते. भराव एक जण करतो आणि पाणी दुसऱ्याच्या दुकानात शिरते, हे ध्यानात ठेवावे.

मिठागर म्हणजे ओसाड जमीन नव्हे

तिवराच्या मागे, जमिनीच्या बाजूला मिठागरे लागतात. वडाळा, घाटकोपर, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड, तसेच भाईंदर, वसई, उरण, पेण या भागांत ती होती किंवा आजही आहेत. १९३० च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठागरांवर आणि सिंधुदुर्गातील शिरोडा येथे लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, हा इतिहास आपल्या जवळचा आहे.

मीठ कसे पिकते ते थोडक्यात पाहू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम आपले नेहमीचे मीठ. उधाणाचे पाणी बांधातील उघाडीतून मोठ्या तळ्यात घेतात. तेथून ते एकामागून एक उथळ वाफ्यांत सोडतात. ऊन व वाऱ्याने पाणी आटत जाते, दाट होत जाते. घनतामापकावर सुमारे २५ अंश बोमे दिसू लागले की मिठाचे खडे धरू लागतात. पाणी त्याहून फार दाट झाले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात मिसळतात. म्हणून ते कडू पाणी वेळेवर काढून टाकावे लागते. हिवाळ्याच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत हे काम चालते. एक वळीव अवेळी पडला तरी महिन्याची मेहनत विरघळते.

आपल्या धंद्यांशी या मिठाचे नाते जुने आहे. कच्चे चामडे टिकवण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के मीठ लागते. मासळी सुकवणे, बर्फात घालून कुल्फी जमवणे, सुती कापड रंगवणे, पाणी मऊ करण्याची यंत्रे, या सर्वांत खडेमीठ खपते. मीठ विकणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. माणसाच्या थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे. चामडे, रंगकाम वगैरे उद्योगांसाठी ते विकता येते. म्हणून दोन प्रकारचा माल वेगळा ठेवावा, पोत्यावर तसे लिहावे आणि बिलातही लिहावे.

आज देशातील बहुतेक मीठ गुजरातेत पिकते व मुंबईची मिठागरे एकामागून एक बंद पडली आहेत. तरीही बंद पडलेले मिठागर निरुपयोगी नसते. पावसाचे व भरतीचे पाणी ते पोटात घेते. शिवाय या जमिनींच्या मालकीवरून केंद्र सरकारचे मीठ खाते, राज्य सरकार आणि खाजगी मालक किंवा पट्टेदार यांच्यात जुने वाद आहेत. ज्या जमिनीचा वाद मोठमोठ्या वकिलांना सोडवता येत नाही, ती जमीन दलाल आपल्याला पंधरा मिनिटांत विकतो. याचा अर्थ वाचकांनी स्वतः लावावा.

कायद्याचे कुंपण

आता कायदा टप्प्याटप्प्याने पाहू.

केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना काढली. तिच्या जागी २०११ साली व पुन्हा २०१९ साली नवीन अधिसूचना आल्या. तिन्हींमध्ये कांदळवनाला सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे.

६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत महाराष्ट्रभर कांदळवन तोडण्यास, त्यात राबिट व कचरा टाकण्यास आणि त्याच्या सभोवती ५० मीटरच्या आत बांधकाम करण्यास बंदी घातली. जमिनीचा मालक कोण, याने यात फरक पडत नाही. सरकारी जमिनीवरील कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करावे, खाजगी जमिनीवरील कांदळवनही वन समजावे, असे न्यायालयाने सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर आघात आहे. सरकारी प्रकल्पासाठी झाडे तोडायची असली तरी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. जिथे सरकारला परवानगी मागावी लागते, तिथे आपल्या पत्र्याच्या शेडची काय कथा?

२०१२ साली राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यात ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर पाणी आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो गुलाबी रोहित पक्षी येथील शेवाळ व बारीक जीव खायला उतरतात. २०२२ साली या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, म्हणजे रामसर यादीत स्थान मिळाले. तात्पर्य, हे कुंपण दर दहा वर्षांनी अधिक उंच होत आले आहे. "पुढे नियमित होईल" हा दिलासा मुंबईच्या इतर भागांत कधी खरा ठरला असेल, तिवराच्या जागेत त्यावर पैसा लावू नये.

जागा घेण्यापूर्वी करावयाची तपासणी

१. ओहोटीला नव्हे, उधाणाच्या भरतीला जागा पाहावी. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी दुपारी जाऊन उभे राहावे. पाणी कुठवर येते ते भिंतीवरच्या पांढऱ्या क्षाराच्या रेषेवरूनही कळते.

२. आजूबाजूला तिवराची झाडे, वाळलेले बुंधे किंवा चिखलातून वर आलेली मुळे दिसतात का ते पाहावे. शेवटच्या झाडापासून टेपने अंतर मोजावे. ५० मीटरच्या आत असल्यास बोलणी तेथेच थांबवावीत.

३. सातबारा उतारा, आठ-अ, गाव नकाशा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः काढावे, दलालाने दिलेली झेरॉक्स चालवून घेऊ नये. इतर हक्कांच्या रकान्यात खाजण, मिठागर, वन, सरकार अशा नोंदी असल्यास वकिलाला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.

४. शहराचा विकास आराखडा व किनारपट्टी क्षेत्राचा मंजूर नकाशा पाहावा. उपग्रहाची जुनी चित्रे आता मोबाइलवर दिसतात. पंधरा वर्षांपूर्वी त्या जागी हिरवळ होती व आज भराव आहे, असे दिसले तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही.

५. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. स्टॅम्पपेपर, नोटरी, कुलमुखत्यारपत्र, वीजबिल, कराची पावती यांपैकी कशानेही मालकी मिळत नाही.

६. जमिनीची ताकद पाहावी. खाडीचा गाळ मऊ असतो. त्यावर टाकलेले राबिट वर्षानुवर्षे खचत राहते. लेथ, प्रेस, यंत्रमाग अशा सम पातळी लागणाऱ्या यंत्रांना ही जमीन चालत नाही. खाऱ्या दमट हवेने लोखंड गंजते, सुताला ओल येते, चामड्याला बुरशी धरते. हा तोटा किमतीत मिळवून पाहिला की स्वस्त जागा स्वस्त राहत नाही.

जे आधीच अशा जागेत अडकले आहेत, त्यांनी नवीन बांधकाम, मजला चढवणे किंवा मागच्या बाजूला भराव टाकणे ताबडतोब थांबवावे. सर्व कागद घेऊन वकिलाकडे जावे. महागडी यंत्रे व तयार माल हळूहळू दुसरीकडे हलवावा. नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा दोन वर्षे आधी भाड्याची लहान जागा घेणे पुष्कळ स्वस्त पडते.

कच्च्या मालातही सावधगिरी

पूर्वी कांदळाची साल चामडे कमावण्यासाठी व सुती जाळी रंगवण्यासाठी वापरीत, कारण तिच्यात टॅनिन भरपूर असते. नायलॉनची जाळी आल्यावर जाळ्यांचा वापर संपला. आता झाड सोलणेच गुन्हा आहे, म्हणून असा माल कोणी आणून दिल्यास घेऊ नये. तेच तिवराच्या लाकडाचे. भट्टीसाठी कोणी खाडीचे सरपण स्वस्तात देत असेल तर नाही म्हणावे. मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेला आहे, तेव्हा बेकरीवाल्यांनी त्या सरपणाच्या नादी लागणे दुहेरी नुकसानीचे आहे. इमारतीचे राबिट वाहून नेणाऱ्या बांधवांनीही गाडी कुठे रिकामी होते याची माहिती ठेवावी. खाडीत टाकले तर गाडी जप्त होते, आणि कंत्राटदार ओळख दाखवीत नाही.

जंगल उभे ठेवून होणारा धंदा

कायदा फक्त नाही म्हणतो असे नव्हे. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. खेकडापालन, कालवपालन, पिंजऱ्यात जिताडा वाढवणे, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे उद्योग तिच्यात येतात. गटांना ९० टक्क्यांपर्यंत व व्यक्तींना ७५ टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद त्या योजनेत करण्यात आली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो. ऐरोलीला वन विभागाच्या केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी फेऱ्या निघतात.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येथील ज्या बांधवांचे घर खाडीकाठी आहे, त्यांनी वन विभागाच्या कार्यालयात जाऊन आजच्या अटी विचाराव्यात. मात्र एकट्याने उडी घेऊ नये. गट करावा, पहिल्या वर्षी लहान प्रमाणात करावे आणि माल कोण घेणार हे आधी ठरवावे. जिवंत खेकड्याला भाव चांगला, पण बाजारात पोहोचण्याआधी मेला तर काही नाही. कारागिरांनाही काम आहे. पिंजरे, होड्या, जाळी, बर्फाच्या पेट्या कोणीतरी बनवतेच. आम्ही पत्रा सोडला नाही. आज दोन खोल्यांच्या भाड्याच्या, पण कागदपत्रे स्वच्छ असलेल्या जागेत मासळीवाल्यांसाठी पत्र्याच्या पेट्या करतो. ज्या खाडीवर भराव घालणाऱ्यांत आम्ही एके काळी सामील झालो, तिच्याच मासळीवर आज आमची ऑर्डर चालते.

सारांश व उजळणी

तिवर खारे पाणी अडवते, मिठागर जादा पाणी पोटात घेते, आणि दोन्ही मिळून आपल्या गल्लीतली दुकाने कोरडी ठेवतात. कायद्याने त्यांना दिलेले संरक्षण जमिनीच्या मालकीवर अवलंबून नाही. नोंदणी नसलेला कागद म्हणजे पावती नसलेला माल.

वाचकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत लिहून पाहावीत. आपल्या गोदामाजवळचे सर्वांत जवळचे तिवर किती मीटरवर आहे? आपल्या जागेचा दस्त नोंदणीकृत आहे काय, आणि तो या क्षणी कोणाच्या कपाटात आहे? उधाण व मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले तर आपला माल जमिनीपासून किती फूट उंच असेल?

तिन्ही उत्तरे लगेच देता आली तर आपली झोप चांगली आहे. न आली तर येत्या पौर्णिमेनंतर, दुकान बंद ठेवून का होईना, एकदा खाडीवर जाऊन यावे. टेप बरोबर घ्यावी.